कोमट तेलाची वाटी

आमच्या घरात दोन पोटुशी बायका होत्या आणि मालिश एकीचीच व्हायची. दुसरी ती करणारी. म्हणजे मी, त्रिवेणी, या घरची सून.

नणंद भक्ती पहिल्या बाळंतपणाला सेलूहून माहेरी, आमच्या सोनपेठच्या घरी आली, तेव्हा तिला सातवा लागला होता आणि मला पाचवा. रीतीप्रमाणे पुढे मीही माझ्या माहेरी जायला हवं होतं. पण माझी आई लग्नाआधीच गेली. येलदरीला उरलेत वडील आणि भाऊ, आणि त्या दोघांना साधा चहा धड करता येत नाही. "तिकडं कोण बघील तुला? हितंच ऱ्हा, आमी हाव की," असं माझ्या सासूबाई, गंगम्मा, चारचौघांत म्हणाल्या. मलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

भक्तीची कंबर आल्या दिवसापासून धरली होती. दवाखान्यातल्या सिस्टरनं डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं, घरी हलक्या हातानं मालिश करायला हरकत नाही म्हणून सांगितलं आणि कशी करायची ते समोर करून दाखवलं. शिकायला अर्थातच मला पुढं केलं होतं. डाव्या कुशीवर निजवायचं. गुडघ्यांमध्ये उशी, पोटाखाली एक लहान उशी. तेल कोमट, आधी आपल्या मनगटावर पाहून घ्यायचं. मणक्यावर दाब द्यायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी तळवे सावकाश खांद्याकडे न्यायचे. पोट चोळायचं नाही, घोट्यापाशी अंगठे रुतवायचे नाहीत. एखादी पिंढरी सुजून दुखायला लागली तर तिला हातही न लावता दवाखाना गाठायचा. "आणि मधूनमधून विचारायचं," सिस्टर म्हणाली, "बरं वाटतंय का म्हणून."

हे शेवटचं मला फार आवडलं. लग्न झाल्यापासून मला कुणी ते विचारलं नव्हतं.

अडचण एकच होती. सासूबाईंच्या माहेरची रीत अशी की एका पोटुशीनं दुसरीच्या अंगाला हात लावू नये, एकीचं दुसरीला बाधतं. सासूबाई रीतीच्या फार पक्क्या. ग्रहणात मला विळी तर सोडाच, साधी टाचणी हातात घेऊ देत नाहीत. मला वाटलं, चला, सुटले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून, कपाळावरची विभूती वाळायच्या आत त्यांनी तोड काढली. दोघींच्या मध्ये पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायचा, मग बाधत नाही. मध्ये तांब्या ठेवून मालिश कशी करायची, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचीही तोड निघाली असती.

तर रोज दुपारी भक्ती सतरंजीवर कुशीवर पडायची, मी तिच्या पाठीशी गुडघे टेकून बसायची, आणि तांब्या मध्येच कुठेतरी लवंडू नये म्हणून एक डोळा त्याच्यावर. तिचा डोळा लागायचा. माझं पोट वाढत होतं, वाकायला जमत नव्हतं, आणि उठताना भिंतीला धरून उठावं लागायचं.

भक्ती वाईट नाही. एके दिवशी ती आपण होऊन उठून बसली.

"वैनी, आता तुमी पडा. रोज बघून बघून मला बी यायलंय आता."

मी 'नको नको' करायच्याही भानगडीत पडले नाही. उशी गुडघ्यांत घेतली आणि डाव्या कुशीवर पडले. तिनं बोटं तेलात बुडवली, तोच स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई कडाडल्या.

"भक्ते! पोटुशीचा हात पोटुशीला लावायलीस?"

"मग वैनी मला रोज लावायल्यात ते?"

"तवा मधी तांब्या अस्तो."

"आत्ता बी हाय की. ह्यो काय."

"त्यो तुझ्यासाठी भरलाय. तिच्यासाठी न्हाई."

मी उठले. मला इतका राग आला की तो तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. त्यावर सासूबाईंना लगेच काही तोड सुचली नाही, एवढंच माझं समाधान.

मग जावई आले. भक्तीचा नवरा योगीराज, सेलूला कापसाच्या जिनिंगवर कामाला आहे. मालिश चाललेली पाहून म्हणाला, "वैनी, मला शिकवा की. मी आलो की मी करीत जाईन." शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि सगळ्यांच्या देखत बायकोच्या पाठीशी बसला. हात चांगला होता त्याचा, सावकाश. सासूबाईंना तर किती बघू न् किती नको झालं. भिंतीपलीकडच्या कमलबाईंना हाक मारून त्यांनी बोलावून घेतलं.

"बगा ओ कमलबाई. असा जावई हुडकून सापडायचा न्हाई. लेकीनं नशीब काढलं माझ्या."

माझा नवरा शिवकांत तिथंच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पंख्याकडे पाहिलं.

रात्रीची भांडी आवरताना मी विषय काढलाच. "दाजींना बघितलं न्हवं? माझी बी पाठ लय दुखायलीय. तुमी बी जरा हात फिरवा की."

"येडी का काय? आई हाय घरात."

"दाजींच्या वेळंला बी आई घरातच व्हत्या."

"ते जावई हायत," तो म्हणाला. "मी असलं कराया बसलो तर आई काय म्हणंल? अन् कमलबाईच्या तोंडून गावभर व्हईल. लोक हसतील मला."

शिवकांतचं बाजारात साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बायांना पदर दिसावा म्हणून हा माणूस दिवसभर साड्या स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशासमोर उभा राहतो. तेव्हा कुणी हसत नाही. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही, पण मनात अगदी याच शब्दांत म्हटलं. मला साडी नको होती, डोहाळजेवणाचा थाट नको होता. एकदा, फक्त एकदा, माझ्या पाठीवर कुणाचा तरी हात हवा होता, आणि तो त्याचा असावा असं वाटत होतं. काय करणार, नवरा होता.

भक्तीचे दिवस भरत आले तशी तिला तपासणीला परभणीला न्यायचं ठरलं. सासूबाई सोबत निघाल्या. शिवकांत दोघींना स्टँडवर सोडून जेवायला घरी आला. मी भाकरी थापत होते. एकाएकी कंबरेतून अशी कळ निघाली की परातीवरचे हात तसेच राहिले आणि मी ओट्यावर वाकले. त्यानं ते पाहिलं.

तो गेला आणि पुढच्या दाराची कडी लावून आला. वाटीत तेल घेतलं, गॅसवर धरलं, आणि इतकं तापवलं की वाटी पाण्यात ठेवून निववावं लागलं. मला हसू आलं.

"पड," तो म्हणाला. "कुठल्या कुशीवर गं?"

"डाव्या."

उशा त्यानंच लावल्या. पहिल्यांदा त्याचा हात बिचकत होता, नवं कापड मळेल की काय अशा बेतानं.

"मणक्यावर नगं. बाजूबाजूनं."

"असं?"

"हां. असंच."

मग त्याला जमायला लागलं. साड्यांच्या घड्या घालणारे हात, मुळात हलकेच. कंबरेपासून खांद्यापर्यंत, पुन्हा खाली, पुन्हा वर. बाहेर उन्हात कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. आणि मी काही शिकवलेलं नसताना शिवकांत म्हणाला, "बरं वाटायलंय का?"

मला रडू आलं.

"रडायलीस का? दुखलं का?"

"न्हाई. करा तुमी."

मी त्याला तेवढ्या वेळात सगळं माफ करून टाकलं. पंख्याकडे पाहिलेलंसुद्धा.

तेवढ्यात कडी वाजली.

"शिवकांत! अरं, भर दुपारी दार कशाला लावलंय? भक्तीची फाईल ऱ्हायली घरात!"

तो चोरी करताना सापडल्यासारखा ताडकन उठला. मला लगेच उठता येईना. हातावर भार देऊन कशीबशी बसती झाले. वाटलं, आता सांगेल. त्याचं वाक्यसुद्धा मी मनात तयार करून ठेवलं होतं. तिची पाठ दुखायली व्हती, म्हणून. एवढंच म्हणायचं होतं. एवढ्यानं काही आभाळ कोसळणार नव्हतं.

दाराकडे जाता जाता त्यानं अंगातला शर्ट काढून खुंटीला टाकला. का, ते मला कळलं नाही. त्यानं कडी काढली.

सासूबाईंनी आत येऊन सतरंजी पाहिली, उशा पाहिल्या, तेलाची वाटी पाहिली. "काय चाललंय?"

"माझी पाठ धरली व्हती आई," शिवकांत म्हणाला. "हिच्याकडून चोळून घ्यायलो व्हतो."

भक्ती सासूबाईंच्या मागून आली होती. माझं ब्लाऊज पाठीला तेलानं चिकटलेलं तिला दिसलं. तिनं मान खाली घातली आणि फाईल आणायला आत गेली.

"मग थांबलीस का गं?" सासूबाई मला म्हणाल्या. "दिवसभर उभा ऱ्हातंय लेकरू माझं. पड रे तू. गाडीला येळ हाय अजून, मी टेकते जरा."

तो पडला. माझ्याच सतरंजीवर, माझीच उशी तोंडाखाली घेऊन, पालथा. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मी गुडघे टेकले, वाटीत बोटं बुडवली. तेल अजून कोमट होतं.

"जरा जोर लाव की. गोंजारल्यावानी काय करायलीस," सासूबाई म्हणाल्या. मी जोर लावला. पोटात बाळ फिरलं. भक्ती फाईल घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चल आई, चल लवकर," आणि मायलेकी गेल्या.

दार लोटलं गेलं. मी हात काढून घेतले आणि वाट पाहिली. तो आता उठेल. चुकलं म्हणाला नाही तरी चालेल, नुसतं 'ये, पड' म्हणाला तरी मी पडेन, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

त्यानं उशीतून तोंड वर काढलं नाही.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "बरं वाटायलंय."