आ करा, मग बोलते

आमचे दातांचे डॉक्टर रोज एक अजब इंग्रजी शब्द शोधून आणतात. तो सांगतात पेशंटला, आणि तोही त्याने आ केल्यावर. ‘कँटँकरस म्हणजे तिरसट, खाष्ट. आता ओळखीतलं असं एखादं माणूस आठवा,’ असं म्हणून ड्रिल सुरू करतात. पेशंट डोळे मिटून नातेवाइकांची यादी चाळत बसतो आणि तोवर दाढ कोरून होते. भीती घालवायचा हा त्यांचा उपाय. यापेक्षा भूल बरी, असं मी एकदा म्हटलं होतं, पण त्यांना ते रुचलं नाही.

मी त्यांची मदतनीस. लाळ ओढणारी नळी धरायची, मागतील ते अवजार हातात द्यायचं. इंग्रजी मला समजायचं सगळं, पण बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. याला कारण माझी ताई. ती इंग्रजी शिकवते आणि माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच दुरुस्त करते. मायेने करते, नाही म्हणत नाही. पण पावलापावलाला ठेच लागायला लागली की माणूस चालायचंच सोडतं.

एकदा डॉक्टरांचा घसा बसला. त्यांनी खुणेनेच सांगितलं, आजचा शब्द तू सांग. खुर्चीत एक आजोबा होते, तोंडात कापसाचे बोळे. ते बिचारे मला काय दुरुस्त करणार? मी शब्द सांगितला, त्याला एक वाक्य जोडलं, मग आणखी एक, आणि दात भरून होईपर्यंत थांबलेच नाही. तेव्हापासून शब्दांचं खातं माझ्याकडे आलं. अजस्र, मधाळ, ऐदी, भांबावलेला, सगळ्यांसाठी एकेक झकास इंग्रजी शब्द मी जमवला. समोरच्याच्या तोंडात कापूस असला की माझ्या इंग्रजीला वाचा फुटायची. कापूस काढला की पुन्हा मुकी.

डॉक्टरांनीच मला दातांच्या सफाईच्या कोर्सचा अर्ज भरायला लावला. तो केला की माझी खुर्ची, माझी अवजारं, माझे पेशंट. नळी धरून उभं राहणं संपलं. मला ते इतकं हवं होतं की घरी बोलायचीही भीती वाटत होती. अडचण एकच, मुलाखत इंग्रजीत. आणि पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

मुलाखतीला तिघे बसले होते. मधल्या मुख्य बाईंनी हसून विचारलं, हा कोर्स का करायचाय? तिन्ही तोंडं मिटून माझ्याकडे बघत होती. मला इंग्रजी सोडाच, मराठीही आठवेना. बाईंनी पाणी पुढे केलं आणि दुसरा प्रश्न घेतला. घाबरलेल्या पेशंटला तुम्ही कसं शांत करता?

एवढंच मला येत होतं. ‘करून दाखवू?’ मी कसंबसं विचारलं.

त्या हो म्हणाल्या. मी त्यांची खुर्ची खिडकीकडे वळवली, कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले आणि आ करायला सांगितलं. त्यांनी तोंड उघडलं आणि माझं इंग्रजी सुटलं. खालच्या दातांच्या आतल्या बाजूला थोडं किटण आहे, पण घाबरू नका, म्हटलं. तेवढ्यात त्यांच्या पोटात गुडगुडलं. जेवणाची वेळ केव्हाच टळली होती. मी सांगितलं, याला इंग्रजीत फार भारदस्त शब्द आहे, बोर्बोरायग्मस, आणि तो मोठमोठ्या लोकांनाही होतो. बाजूचे दोघे खो खो हसायला लागले. बाईंनाही हसू आवरेना, तोंड मिटावं लागलं.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, ‘शब्द छान आहे. पण तुमचा उच्चार चुकला.’ आणि ‘बॉर्बरिग्मस’ असा बरोबर उच्चार करून दाखवला.

झालं! समोर पुन्हा तीन मिटलेली तोंडं. गप्प बसावं, नमस्कार करावा आणि निघावं, असंच वाटलं. पण एवढ्या जवळ येऊन पुन्हा नळीकडे जायचं माझ्या जिवावर आलं. मी त्यांच्यासारखा उच्चार केला. मग कुणी न विचारताच पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागले. मला नुसतं बाजूला उभं राहायचं नाही, मला माझ्या हाताने काम करायचंय, असं सांगितलं. बाईंनी मध्येच एक क्रियापद दुरुस्त केलं. मी ते घेतलं आणि पुढे बोलत राहिले. त्यांनी आणखी एक चूक काढली, मी तीही घेतली. मनातलं सगळं सांगून झालं तेव्हाच थांबले.

बाईंनी चष्मा काढला. ‘इंग्रजी अजून कच्चं आहे हं तुमचं,’ त्या म्हणाल्या.

मी निघायला उठले.

‘वर्गात रोज असंच बोलत जा,’ त्या म्हणाल्या, ‘मी चुका काढत जाईन.’