ट्रंकेत झोपलेले अंक

धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. पन्नाशी उलटली, केसांत चांदी आली, तरी थोरल्या बहिणीच्या मागून जन्माला आल्याचं ते नाव काही सुटलं नाही. रंगाच्या दुकानात ती छटा जुळवायचं काम करी. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा एवढासा पोपडा घेऊन यायचं. धाकटी तो उजेडात धरून सांगायची, "पांढऱ्यात पिवळ्याचे चार थेंब, काळ्याचा अर्धा." मग रंग जुळवायचं मशीनही तेच सांगायचं. मालक म्हणायचे, "मशीन घेऊन मी फसलो. तुम्हाला तर वीजही लागत नाही."

कामावरून आली की तिचा एक नेम होता. हातपाय धुवायचे, हात कोरडे पुसायचे आणि खिडकीशी बसून 'बिजली मास्तरीण'चा एक अंक वाचायचा. एकच. दुसऱ्याचा मोह झाला तरी नाही. बिजली मास्तरीण म्हणजे चित्रकथेतली शाळामास्तरीण. दिवसभर पाढे शिकवायची आणि शाळा सुटली की रेनकोट चढवून चोरांच्या मागे लागायची. हत्यार म्हणजे लाकडी पट्टी. एकूण एकशे बारा अंक, दोघी बहिणींनी लहानपणी खाऊला काट मारून एकेक करून जमवलेले. लग्न होऊन जाताना ताई म्हणाली होती, "तुझ्याकडेच राहू देत. माझ्याकडे आले तर उद्या पोरं त्यांची विमानं करतील."

पण कागदालाही म्हातारपण येतं. वाचून उठलं की मांडीवर पिवळा भुगा पडायला लागला. पिना गंजल्या, कोपरे गळाले. वाचावं तर झिजतात, न वाचावं तर ठेवून तरी काय करायचं, अशी धाकटीची इकडे आड तिकडे विहीर झाली. तेव्हा नवऱ्याने तोड काढली. त्याचं झेरॉक्सचं दुकान. गल्लीत त्याला झेरॉक्सवाले म्हणूनच ओळखत. नाकासमोर चालणारा माणूस. तो म्हणाला, "मूळ अंक झोपू देत. तू झेरॉक्स वाच. फाटलं तर दुसरं काढून देईन, त्यात काय."

आठवडाभरात त्याने दहा-दहा अंकांची बाडं बांधून आणली. काळीपांढरी, पण अक्षरन्अक्षर स्वच्छ. मूळ अंकांसाठीची पत्र्याची ट्रंक त्याने दुकानातूनच भरून आणली आणि ती गेली आतल्या खोलीतल्या कपाटावर. त्या दिवशी धाकटीने त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने सदरा शिवायला घेतला. इतकं तिला भरून आलं होतं.

ओल लागू नये म्हणून ट्रंकेत बुटांच्या खोक्यात असतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या आणि दर चार महिन्यांनी बदलायच्या, असं ठरलं. कुणी नवीन चपला-बूट घेतले की शेजारपाजारचे लोक पुडी आठवणीने धाकटीकडे आणून देत. स्टुलावर चढलं की तिला घेरी येई, म्हणून वर तो चढे आणि ती स्टुलाचे पाय घट्ट धरून उभी राही. ती एकेक ताजी पुडी वर देई, तो एकेक जुनी खाली देई.

"कसे आहेत?" ती विचारी.

"छान झोपलेत," तो वरून सांगे.

अशी नऊ वर्षं गेली.

यंदा आतली खोली रंगवायची ठरली. धाकटीच्या मनात एकच रंग होता, मास्तरणीच्या रेनकोटाचा. निळा खरा, पण त्यात हिरव्याचं काहीतरी होतं. थेंब किती ते तिला आठवेना. जन्मभर लोकांचे रंग जुळवले आणि आपलाच एक हुकतो म्हणजे काय. रंगारी भिंत बघायला आला, कपाट ओढायचंच होतं, तेव्हा तिने त्याला सांगितलं, "ती ट्रंकही जरा खाली घ्या. एक अंक काढून बघते."

रंगाऱ्याने ट्रंक उतरवली. "वहिनी, वजनदार आहे हो. दागिने असतील तर मी तोंड फिरवतो."

"त्याहून जास्त आहे," ती म्हणाली आणि हात कोरडे पुसून आली.

झाकण उघडलं. वर पुड्यांची ओळ, ताजी, एकीशेजारी एक नीट मांडलेली. खाली झेरॉक्सच्या कोऱ्या कागदाचे गठ्ठे. वेष्टनही न फोडलेले. तिने वरचा उचलला, त्याखालचा उचलला. तळाला पत्रा लागला.

रंगाऱ्याला काही कळेना. काहीतरी बोलावं म्हणून त्याने वेष्टनावरूनच एका गठ्ठ्याचा कोपरा चाचपला. "कागद मात्र एकदम कडक राहिलाय, वहिनी. कणभर ओल नाही."

"राहणारच," धाकटी म्हणाली. "मी निरोप पाठवते, मग या."

झेरॉक्सवाले जेवायला घरी आले तेव्हा ट्रंक खोलीच्या मधोमध होती आणि धाकटी तिच्याशेजारी जमिनीवर बसली होती. त्यांनी उंबऱ्यातूनच पाहिलं. चपला काढायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"कुठे आहेत?" तिने विचारलं. आवाज नेहमीचाच, हळू.

"अगं, सांगणारच होतो."

"ते नंतर. आधी कुठे आहेत?"

मग त्याने सांगितलं. काचेवर पानं सपाट बसावीत म्हणून त्याने पिना काढल्या होत्या. सुटी पानं क्रमाने एका रिकाम्या खोक्यात ठेवली होती. तसल्याच दुसऱ्या खोक्यात बिघडलेल्या प्रती. रद्दीवाला आला, गर्दीची वेळ होती, हातात दुसऱ्याचंच काम होतं. "ते खोकं ने," म्हणून बोट दाखवलं आणि बोट चुकलं. सकाळी पिना लावायला बसला तेव्हा खोक्यात वाकड्या, काळवंडलेल्या प्रती. रद्दीच्या गोदामात धावला, तर माल रात्रीच कागदाच्या गिरणीत गेलेला. गिरणीपर्यंतही गेला. तिथे मोठ्या हौदात सगळ्याचा एकच लगदा फिरत होता.

"म्हणजे पाय मुरगळला म्हणून आलात तो दिवस," धाकटी म्हणाली.

"गिरणीच्या पायऱ्यांवरूनच पडलो."

"मी गरम पाण्याने शेकला होता. दोन तास."

त्याने तो पाय मागे घेतला.

"शेकत असताना सांगता आलं असतं."

"तू इतक्या मायेने करत होतीस की जीभच उचलेना. म्हटलं, पुड्या बदलायच्या वेळी सांगू. तेव्हा तू स्टूल धरून उभी. विचारलंस, कसे आहेत. तोंडातून निघून गेलं."

"आणि पुढे? वर्षातून तीनदा?"

"पुढे पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं," तो म्हणाला. "पुड्या मात्र मी दर वेळी खऱ्याच बदलल्या गं."

शत्रूने गळा कापला तर माणूस निदान सुरी शोधतो. इथे धाकटी स्वतः खाली उभी राहून एकेक पुडी वर देत होती.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

तो ट्रंकेच्या कडीकडे बघत राहिला. "ताईंना. त्यांनी एकदा मुलीला दाखवायला दोन अंक मागितले होते. तू घरी नव्हतीस. मग सांगावंच लागलं. त्याच म्हणाल्या, तिला कळू देऊ नका."

धाकटीने तिथे बसूनच फोन लावला.

"ताई, ट्रंक उघडली मी."

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "अगं बाई." मग ताई म्हणाली, "हे बघ, तू प्रत्येक गोष्ट जिवाला लावून घेतेस. म्हणून म्हटलं त्यांना."

"घेतली असती. जीव माझाच होता ना लावायला?"

"रोज वाचायला तर मिळत होतं तुला. एक अक्षर तरी कमी झालं का?"

"गेल्या वर्षी मी तुला म्हणाले, म्हातारपणी दोघी मिळून ट्रंक उघडून बसू. काय म्हणालीस तू?"

पलीकडे ताईने नळ बंद केला.

"बसू की, म्हणालीस. वर म्हणालीस, अक्षर बारीक आहे, माझा वाचायचा चष्मा आठवणीने ठेव. ताई, चष्म्याची भर घालायची काय गरज होती?"

"तुझ्या भल्यासाठीच गं."

"माझ्यासाठी होतं तर मला सोडून दोघांकडे कसं राहिलं?" एवढं म्हणून तिने फोन ठेवला. कधी नव्हे ते, "ठेवते" न म्हणता.

नवरा अजून उभाच होता. "जुन्या बाजारात मिळतात कधीकधी," तो चाचरत म्हणाला. "मी शोधतो. एकशे बाराच्या एकशे बारा आणून देतो. वर्ष लागू दे, दोन लागू देत."

"ते दुसऱ्याचे असतील."

"मग काय करू, तू सांग."

धाकटीने ट्रंकेचं झाकण लावलं. "बोट चुकलं त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं चुकलं नसतं कशावरून? तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी दोन दिवस रडले असते. तिसऱ्या दिवशी तुमच्या पायाला तेल लावून दिलं असतं. ते दोन दिवस माझे होते. तुम्ही दोघांनी ते परस्पर ठेवून घेतलेत." ती उठली. "ते मी आता घेणार आहे."

त्याच संध्याकाळी तिने मालकांना दोन दिवसांची रजा मागितली. ती सहसा रजा घेत नसे, त्यामुळे मालक घाबरले. "घरी कोणी आजारी आहे का?"

"नाही हो. नऊ वर्षांपूर्वीची रजा राहून गेली होती."

पहिल्या दिवशी सकाळभर तिला रडूच आलं नाही. रीतसर रजा घेऊन रडायला बसलं की असंच होतं. आतल्या त्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली आणि मनातल्या मनात अंक मोजू लागली. पहिला, शाळेची घंटा चोरीला जाते तो. दुसरा, धाकटी तापात असताना ताईने वाचून दाखवला तो. सतरावा भिजला होता, तो दोघींनी चुलीपाशी एकेक पान धरून वाळवला होता. चोविसावा पानं फाटलेला मिळाला म्हणून ताईने मधली गोष्ट स्वतः रचून सांगितली होती, आणि पुढे खरी पानं मिळाली तेव्हा ताईचीच जास्त चांगली निघाली होती. तिथे धाकटीचा बांध फुटला. मग ती थांबेचना.

ताई दोनदा दाराशी येऊन गेली. दोन्ही वेळा आतून फक्त "आज नाही" एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी झेरॉक्सवाले पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे राहिले. नऊ वर्षांपूर्वी तिने शिवलेला तो सदरा त्यांच्या अंगावर नव्हता. सकाळीच काढून घडी घालून त्यांनी तो धाकटीच्या उशाशी ठेवला होता. तिचे डोळे सुजले होते, पण हात मांडीवर स्वस्थ होते.

"पाणी," ते म्हणाले. तिने घेतलं, प्यायली, तांब्या परत दिला. ते तिथेच घुटमळले. शेवटी न राहवून म्हणाले, "माझ्यावर फार राग आहे ना?"

धाकटीने पदराने नाक पुसलं आणि क्षणभर मनात काहीतरी मोजलं.

"अजून ऐंशीव्या अंकाशीच आहे मी," ती हळूच म्हणाली. "बत्तीस राहिलेत. तुमचा नंबर त्यानंतर."