कोमट तीर्थ

दर गुरुवारी सकाळी सुगंधनाथांची समाधी रडायची आणि निम्मं कन्नौज रांगेत उभं राहायचं. समाधीच्या तांब्याच्या घुमटावर टांगलेल्या कलशातून गार पाण्याची धार अखंड चालू असे. घुमटाच्या काठाखालून थेंब गळत, आणि त्या थेंबांना चंदनाचा वास येई. अत्तराच्या गावाने वासाला भुलावं, हे हलवायाने जिलबीला दंडवत घालण्यासारखं. पण कन्नौजच्या माणसाच्या नाकाला सुख झालं, की त्याचे बाकीचे अवयव रजेवर जातात.

बेचेलालचं नाकच रजेवर होतं. चैत्रातल्या तापात वास गेला तो परतला नव्हता, आणि अत्तर गाळणारा बिननाकाचा कारागीर म्हणजे आंधळा सराफ. धाकट्या भावाने, छेदीलालने, त्याला समाधीच्या महंतांकडे आणलं. महंतांनी निदान केलं, "बापाच्या देगेत फुलांचा जीव कोंडलाय. ती घरात आहे तोवर नाक उघडायचं नाही." देग म्हणजे अत्तर गाळायचा तांब्याचा हंडा. बेचेलाल तिच्या उबेला लहानाचा मोठा झाला होता. त्याला बघवणार नाही म्हणून छेदी एकटाच गेला, देग गंगेत सोडून आला आणि भावाच्या गळ्यात पडून रडला.

आज सातवा गुरुवार होता.

"काय वास आहे, भैया," छेदी डोळे मिटून म्हणाला.

"मला काहीच येत नाही."

महंत हसले. "पापाचा थर जाड आहे. तीर्थ घे, बेटा."

घुमटावरून वाहून आलेलं पाणी ओंजळीत पडलं आणि बेचेलाल थबकला.

"कलशात गारेगार पाणी ओतता, महाराज. खाली येईतो कोमट कसं होतं?"

"आत बाबांचं तप आहे. अठरा युगांचं."

"युगं चारच असतात," मागची एक म्हातारी पुटपुटली, पण तिने रांग सोडली नाही.

बेचेलालने घुमटावर हात ठेवला. वाफेचं पाणी कुठे होतं, हे तो तीस वर्षं तळव्याने ओळखत आला होता, आणि तळव्याला पापाचा थर लागलेला नव्हता. तो उठला आणि समाधीमागच्या मुदपाकखान्यात सरळ शिरला.

तिथे प्रसाद शिजत नव्हता. चुलीवर एक देग होती. झाकण मातीने लिंपलेलं, त्यातून निघालेली बांबूची नळी भिंतीतून समाधीत गेलेली. देगेच्या पोटावर वडिलांनी मारलेलं अर्धचंद्राचं ठिगळ होतं. गंगेने देग परत केल्याचं गावात कोणी बोललं नव्हतं.

त्याने चुलीतली लाकडं ओढून काढली आणि बाहेर येऊन समाधीपाशी मांडी घातली. हळूहळू थेंब विरळ झाले, मग थांबले.

"बाबा कोपले," महंत गरजले. "अपवित्र माणूस आत गेला."

"मग मनधरणी करून येतो," म्हणत बेचेलाल आत गेला आणि लाकडं पुन्हा सारून आला. थोड्या वेळाने समाधी पूर्ववत रडू लागली. रांगेत चुळबूळ झाली.

"देगेत पाणी आहे आणि चंदनाचा भुसा," बेचेलाल म्हणाला. "तापलं की वाफ होते. गार घुमटाला टेकली की तिचं परत पाणी होतं, आणि तिची ऊब वरच्या पाण्याला लागते, म्हणून तीर्थ कोमट. पाण्याने रूप बदललं, एवढंच. आपण रोज हेच करून पोट भरतो आणि इथे येऊन त्यालाच हात जोडतो. वास येऊ दे, पण हातही लावून बघा, विचारा. विचारल्याने जो देव कोपतो, त्याची चूल आधी बघावी."

"आणि तुझ्या नाकाचं रे?" म्हातारीने विचारलं.

"ते डॉक्टरला दाखवायचं होतं, अम्मा. सात आठवडे इथे घालवले."

लोक मुदपाकखान्याकडे वळले. महंत त्यांच्याही आधी, पण उलट दिशेने वळले होते. छेदी तेवढा खांबाला धरून उभा राहिला.

"नळी मीच बसवली, भैया," तो म्हणाला. "तुला वास येत नाही, तेव्हा कळायचंही नाही असं वाटलं."

बेचेलालने ओला हात धोतराला पुसला.

"देग सोडून आलास त्या दिवशी माझा खांदा भिजला होता," तो म्हणाला. "ते पाणी कुठल्या चुलीवरचं होतं, छेदी?"