एकविसाव्या पानावरचा त्रिकोण

राजारामपुरीत हंबीररावांची लायब्ररी होती आणि तिथं काउंटरवर दीप्ती बसायची. हंबीरराव शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. लायब्ररी काढली खरी, पण लोक काय वाचतात हे बघून त्यांचं डोकं फिरायचं. सगळ्यात जास्त राग सावकाश चालणाऱ्या प्रेमाच्या कादंबऱ्यांवर. दोनशे पानं झाली तरी दोघं नुसता चहाच पितात, अशी त्यांची तक्रार.

दीप्तीला नेमक्या त्याच कादंबऱ्या आवडायच्या. पहिल्या पानावर एकमेकांच्या गळ्यात पडणाऱ्यांचं तिला काही कौतुक नव्हतं. नायकानं नायिकेची छत्री परत करायला चाळीस पानं लावावीत आणि अखेर दारात पोचावं, तर नेमका तिचा भाऊ समोर यावा. असं काही वाचलं की दीप्तीला डब्यातली भाकरीसुद्धा गोड लागायची.

त्या लायब्ररीत सगळ्यांना एक खोड होती. पुस्तक वाचून झालंय हे पुढं कळावं म्हणून जो तो एकविसाव्या पानावर पेन्सिलीनं आपली खूण करायचा. कुणी फुली मारायचं, कुणी चांदणी काढायचं. नर्सबाई चिमणाबाई तर डोळ्यासकट मासा काढायच्या. हंबीरराव दर सोमवारी खोडरबर घेऊन बसायचे, बडबडत पानं साफ करायचे, आणि मंगळवारपासून लोक पुन्हा सुरू. दीप्तीची खूण म्हणजे खाली उजव्या कोपऱ्यात छोटासा गोल.

प्रसेनजीत मूळचा शिरोळचा, इथं ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये पार्ट विकायला होता. दर शनिवारी यायचा आणि दीप्तीनं स्वतः वाचून बाजूला ठेवलेली कादंबरी घेऊन जायचा. परत करताना "बरी हाय" एवढंच म्हणायचा. एकदाच म्हणाला होता की त्या छत्रीवाल्यानं लई उशीर केला. तेवढ्या एका वाक्यावर दीप्तीनं आठवडा काढला. त्याची खूण त्रिकोणाची.

नव्व्याण्णव सालच्या मार्चमध्ये कपाट झाडताना तिच्या हातात त्याची वाचून झालेली तीन-चार पुस्तकं एकदम आली. सहज एकविसावं पान उघडलं आणि ती स्टुलावर बसली. तिनं भराभर बाकीची पुस्तकं काढली, मागच्या चिठ्ठीवरच्या तारखेप्रमाणं ओळीनं मांडली. दीड वर्षापूर्वी त्रिकोण वर डाव्या कोपऱ्यात होता. पुढच्या पुस्तकात जरा खाली सरकलेला, त्याच्या पुढच्यात आणखी जरासा. मोकळ्या पानावरून तो तिच्या गोलाकडं निघाला होता. परवाच्या पुस्तकात दोन बोटांचं अंतर राहिलं होतं.

तिला इतका आनंद झाला की झाडायचं फडकं हातात घेऊन ती उगीच रस्त्यापर्यंत जाऊन आली. अजून चार पुस्तकं लागतील, असा तिनं हिशेब केला. लागू देत. तिला काही घाई नव्हती.

पण घाई तिच्या वडिलांना, भाऊसोंना होती. गुरुवारी त्यांनी सांगितलं की रविवारी मुरगूडचं स्थळ बघायला येतंय. मुलगा शिक्षक, माणसं चांगली, पसंत पडलं तर तिथंच पक्कं करू. नकार द्यायला दीप्तीकडं कारण नव्हतं. कुणीतरी माझ्या गोलाकडं त्रिकोण सरकवतंय, हे बापाला कुठल्या तोंडानं सांगणार? आयुष्यात पहिल्यांदा तिला सगळ्या सावकाश नायकांचा मनापासून राग आला.

शनिवारी तिनं नवी कादंबरी काढली आणि कोपरा सोडून पानाच्या मधोमध रुपयाएवढा गोल काढला. प्रसेनजीत आला. तिनं पुस्तक त्याच्या हातात दिलं नाही, काउंटरवरच ठेवलं.

"एकविसावं पान हितंच उघडा," ती म्हणाली.

त्यानं उघडलं. त्याचे कान लाल झाले.

"माझी अजून चार बुकं बाकी हुती," तो म्हणाला.

"तेवढा वेळ न्हाय. उद्या मुरगूडचं पावणं मला बघाय येणार हाईत."

त्यानं खिसे चाचपले. पेन्सिल सापडेना. तेवढ्यात मागून हंबीररावांनी हात लांबवून आपली पेन्सिल पुढं केली. प्रसेनजीतनं ती घेतली आणि गोलाच्या आत नीट, तिन्ही कोन टेकवून, त्रिकोण काढला.

"पत्ता लिवून द्या," तो म्हणाला. "सकाळी नवाच्या आत आईला घिऊन येतो."

तो गेला. आता पान खराब केल्याबद्दल बोलणी बसणार म्हणून दीप्ती खाली मान घालून उभी राहिली. हंबीररावांनी कपाटातली तीच सगळी पुस्तकं आणून तिच्यापुढं ठेवली. तिनं एकेक उघडलं तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. चिमणाबाईंचा मासा नव्हता, फुल्या नव्हत्या, चांदण्या नव्हत्या. दर सोमवारी सगळं खोडून फक्त गोल आणि त्रिकोण तेवढे ठेवले होते.

"दीड वर्स जपून खोडतोय," हंबीरराव म्हणाले. "असलं बुक म्या पैल्यांदाच शेवटपतोर वाचलं."

दीप्तीला हसू आवरेना आणि डोळेही कोरडे राहीनात. हंबीररावांनी पेन्सिल खिशात टाकली आणि चपला घातल्या.

"उद्या बापाम्होरं पण तुम्ही दोघं नुसता चहाच पीत बसशिला," ते म्हणाले. "मी साडेआठलाच येतो."