गोळी विरघळेपर्यंत

बडबड्या हे नाव धाकट्या भावाला अक्कानेच ठेवलं होतं. लहानपणी धाकटा इतका बोलायचा, की वडील जिभेवर पेपरमिंटची गोळी ठेवून म्हणायचे, "ही विरघळेपर्यंत गप्प." तो ती कडाकडा चावून टाकायचा आणि पुन्हा टकळी सुरू.

आता पन्नाशी उलटलेला तोच भाऊ कोर्टात उभा होता. पाठीच्या ऑपरेशननंतर वेदनेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं, मग डॉक्टरची खोटी चिठ्ठी, मग खटला. न्यायाधीशबाईंनी तुरुंगाऐवजी उपचार दिले होते. रोज कोर्टाच्या आवारातल्या दवाखान्यात नर्ससमोर व्यसन सोडवणारं औषध जिभेखाली धरायचं, आपोआप विरघळू द्यायचं. गिळलं तर वाया. उपचार पुढे चालू ठेवायचे की त्याला आत पाठवायचं, ते आज ठरणार होतं.

नेमका यादीतल्या आधीच्या खटल्याचा वकील आला नाही आणि शिपायाने बडबड्याचा पुकारा लवकर केला. औषधाची गोळी नुकतीच तोंडात गेलेली. "जा, पण बोलू नका," नर्स म्हणाली होती.

"औषध नेमाने घेता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

बडबड्या गप्प.

"उत्तर द्या."

ओठ घट्ट मिटलेले. मागच्या बाकावर अक्काचा जीव थाऱ्यावर नव्हता. पिशवीचे बंद ती सोडत होती, बांधत होती.

"नशेतच आलाय हा," सरकारी वकील म्हणाले.

"थुंक मेल्या," अक्का पुटपुटली. त्याने मान हलवली, नाही. ती ताडकन उठली. "बाई, तो एरवी..."

"आजी, बसा."

तेवढ्यात रोज नर्ससमोर करतो तसा बडबड्याने आ वासला आणि जीभ उचलली. बाई पुढे वाकल्या, चष्म्यावरून पाहिलं.

"विरघळू द्या. तोवर पुढचं प्रकरण घेऊ."

"किती वेळ लागेल याला?" वकील कुरकुरले.

"तुमच्या भाषणाहून कमीच."

तो अक्काशेजारी येऊन बसला. ती त्याच्या गालाकडे बघत राहिली, आत काही कडकडतंय का ते ऐकत. कडकडलं नाही.

पुन्हा पुकारा झाला, तेव्हा तो म्हणाला, "घेतो. रोज."

"चालू राहू द्या," बाईंनी पुढची तारीख दिली.

बाहेर येताच त्याचं तोंड सुटलं. वकिलाच्या मिशा, नर्सचा दरारा, सगळं. अक्का हं हं करत होती आणि पुढच्या तारखेच्या धास्तीने पिशवीचे बंद पुन्हा सोडत होती.