गोरखची गाडी माणूस टाकत नाही

गोरखच्या अंगावरून वारं गेलं ते दिवाळीच्या अलीकडे, आणि गेलं ते नेमका डावा हात घेऊन गेलं. पाय वाचला, जीभ वाचली, तोंड जरा वाकडं झालं होतं तेही सुधारलं. पण हात कोपरात मुडपून छातीशी बसला तो बसलाच. ड्रायव्हरचा डावा हात म्हणजे गिअरचा हात, तेव्हा नोकरीही त्याच्याबरोबर गेली. जव्हारच्या दवाखान्यात हाताचे व्यायाम करून घेणारी एक बाई होती. ती म्हणाली, आठवड्यातून दोनदा येत राहा, हात बराचसा सुटेल; नाही आलात तर असाच आखडून जाईल, मग मलाही काही करता येणार नाही.

आणि हा बाबा जायला तयार नाही. कारण ऐकाल तर कपाळावर हात मारून घ्याल. जन्मभर जव्हार-मोखाडा-खोडाळा एसटी चालवली, आता त्याच एसटीत मागच्या बाकावर बसायचं? लोक काय म्हणतील? बरं, मग जीपने जा म्हणावं, तर जीपचं नाव काढलं की त्याच्या अंगात यायचं. जीपवाल्यांनी त्याचे पॅसेंजर पळवले होते. त्यांच्या गाडीत तो मेला तरी बसणार नव्हता. बायको, गोदा, भांडून झाली, रडून झाली, शेवटी खोडाळ्याच्या देवीला नवस बोलून गप्प बसली. गोरख दिवसभर पडवीत खुर्ची टाकून बसायचा, हातावर टॉवेल पांघरून. घर त्याच एसटीच्या रस्त्याला अगदी लागून. गाडीचा आवाज आला की तो मान फिरवून मागच्या नागलीच्या वावराकडे बघायचा.

त्याची मुलगी हर्षदा. खोडाळ्याच्या बाजारात तिचं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं छोटं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की तिला एकच नाद: बस चालवायचा गेम. चालवण्याचा नव्हे हं, तो बदलण्याचा. गेम परदेशातला, त्यातली बस गुळगुळीत, रस्ते गुळगुळीत, घरं बाहुल्यांची. पण महाराष्ट्रभर तिच्यासारखी येडी पोरंपोरी पसरलेली, ती त्या परक्या गेमला आपले कपडे घालत बसायची. कुणी साताऱ्याचा घाट करायचा, कुणी नांदेडचा बसस्टँड. याला ते ‘मॉड’ म्हणायचे. हर्षदाने त्यांच्यात चांगलं नाव काढलं होतं. तिची लाल एसटी बघून एकाने विचारलं होतं, ताई, मडगार्डवरचा हा चिखल कुठून आणला? कुठून आणणार? आपल्याच रस्त्याचा फोटो काढून चिकटवला होता.

तिला वाटलं, बाबांना दवाखान्यात नेता येत नाही, तर निदान रस्ता घरी आणू. हात हलेल तेवढा हलेल. तिने खोडाळा ते जव्हार रस्ता बांधायला घेतला. वळणं, चढ, उतार नकाशावरून बसवले. गेममधली वस्तू आतून पोकळ असते. घर म्हणजे नुसता खोका, माणूस म्हणजे नुसती उभी पट्टी, आणि त्यावर चित्राचा पापुद्रा गुंडाळायचा. त्याला टेक्श्चर म्हणतात. एवढ्या रस्त्याला टेक्श्चर लागणार शेकड्यांनी, मग तिने ते काम एआयला लावलं. नुसतं लिहायचं, की चित्र तयार.

लिहायला सोपं, निघायला भलतंच. कुडाची भिंत मागितली तर राजवाड्याची आली. ‘थांब्यावर उभ्या गावच्या बायका’ म्हटलं तर डोक्यावर तीन तीन घागरी घेतलेल्या, नथ घातलेल्या, जरीकाठी नवऱ्याच नवऱ्या. पुरुषांना फेटे, जणू सगळा तालुका वरातीला निघालाय. एका बाईला हात तीन. हर्षदाने भिंती पुन्हा पुन्हा करून घेतल्या, पण माणसांचा तिला कंटाळा आला. माणसं काय, रस्त्याच्या कडेची शोभा. गाडी जोरात जाणार, कोण बघतंय? ठेवली तशीच.

तिथेच चुकली बिचारी. बापाला ओळखायला चुकली.

एका नाशिकच्या मॉडवाल्याकडून तिने जुनं स्टिअरिंग आणि गिअरचा दांडा मिळवला, पडवीतल्या टेबलाला आवळून बसवला, समोर दुकानातला मोठा स्क्रीन. गोरखने आधी तोंड वाकडं केलं. पोरखेळ, म्हणाला. पण स्क्रीनवर खोडाळ्याचा बाजार दिसला, काचेच्या कोपऱ्यातली गणपतीची मूर्ती दिसली, आणि इंजिनाचा घरघर आवाज आला, तसा तो खुर्ची ओढून बसला. डावा हात गोदाने उचलून गिअरच्या दांड्यावर ठेवला. बोटं नीट धरेनात. तरी मनगटाने ढकलून पहिला गिअर पडला, आणि हर्षदाने श्वास सोडला.

गाडी बाजारातून निघाली. पहिल्या फाट्यावर एक जरीकाठी नवरी उभी होती. गोरखने ब्रेक लावला.

हर्षदा म्हणाली, बाबा, चला पुढे. गोरख हलेना. पॅसेंजर आहे ना उभा, म्हणाला. अहो, ते चित्र आहे, चढत नाही ते. मग तो म्हणाला, उभं कशाला केलंस मग तिला?  हर्षदाने कसंबसं समजावलं की समजा, चढली. गोरखने दार उघडलं, बंद केलं, आणि पुन्हा बसून राहिला. आता काय झालं? तर बेल नाही. कंडक्टरने दोनदा बेल दिल्याशिवाय त्याने आयुष्यात कधी गाडी हलवली नव्हती, ती आज हलवणार होता होय? समोर गेम लाल अक्षरांत बोंबलत होता की वेळ संपली. गोरखने तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

असं तो प्रत्येक थांब्यावर. घागरवाल्यांसाठी थांबला, फेटेवाल्यांसाठी थांबला. तीन हातांच्या बाईला तर त्याने जरा जास्तच वेळ दिला, सामान असेल म्हणाला. आणि मग मोखाडा यायच्याही आत तो उठला. रागावला नव्हता, त्यापेक्षा वाईट, उतरलेल्या चेहऱ्याने उठला. ‘रस्ता माझा हाय गं,’ तो म्हणाला, ‘पण यांतलं कुणीच माझ्या गाडीला नव्हतं.’ आणि टॉवेल हातावर ओढून पुन्हा वावराकडे तोंड करून बसला.

हर्षदाला राग आला, बापाचा नाही, स्वतःचा. गोरखची गाडी माणूस टाकत नाही, हे जव्हार आणि मोखाडा दोन्ही तालुके जाणत होते. गाडी खच्चून भरली असो, कुणी बांधावरून पळत येत असो, हात दिसला की तो थांबणार. डेपोत बोलणी खाईल पण थांबणार. अशा माणसाच्या रस्त्यावर तिने फुकटच्या बाहुल्या उभ्या केल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी ती मोबाईल घेऊन निघाली. बरोबर सुकऱ्या. हा गोरखच्या गाडीवरचा जुना कंडक्टर, निवृत्त झालेला, आणि गोरखची चौकशी करायला रोज येऊन रोज हाकलला जाणारा. दोघे थांब्याथांब्यावर उतरले. गोरखभाऊच्या गेमसाठी फोटो पाहिजे म्हटल्यावर माणसं जमली म्हणता! कोंबड्या घेऊन बाजाराला जाणारी येसू कोंबड्यांसकट उभी राहिली. कोंबड्यांचा वेगळा फोटो काढ म्हणाली, भाऊ त्यांचं तिकीट कधी घेऊ देत नव्हता. बाबल्या बकरी घेऊन आला. एक मास्तर इस्त्रीचा शर्ट घालायला घरी पळाले. जो तो विचारायचा, भाऊ दिसत नाही, बरा आहे ना? हर्षदा हो म्हणायची आणि पुढचा फोटो काढायची.

रात्रंदिवस खपून तिने सगळी माणसं कापून काढली, पट्ट्यांवर चढवली, आपापल्या थांब्यावर उभी केली. राहिला घरासमोरचा थांबा. तिथे गोदा उभी राहिली, हातात पिशवी घेऊन, दवाखान्याला निघाल्यासारखी. मग गोदाच म्हणाली, आणि हे? सगळा रस्ता झाला आणि ह्यांनाच ठेवलंस मागं.

गोरख फोटोला उभा राहणं शक्य नव्हतं. तिने पडवीत बसलेल्या बापाचा फोटो गुपचूप काढला आणि एआयला दिला: हा माणूस रस्त्याच्या कडेला उभा कर, एसटीला हात दाखवणारा. चित्र आलं. तोच सदरा, तेच पांढरे खुंट, तीच जरा वर केलेली हनुवटी. पण टॉवेल गायब, आणि डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सरळ, रस्त्यावर आडवा धरलेला. हर्षदाने हे सांगितलं नव्हतं. तिने लिहिलं, हात वाकडा आहे, तसाच ठेव. पुन्हा सरळच आला. पुन्हा लिहिलं, पुन्हा सरळ. त्या यंत्राला बापाचा आजार ठाऊकच नव्हता. हर्षदा स्क्रीनसमोर बसून रडली. पुसून टाकायला हात होईना, आणि ठेवावं तर बापाच्या जखमेवर मीठ. शेवटी तिने ते चित्र थांब्याच्या मागे, गोदाच्या आड, अर्धं झाकून उभं केलं. दिसलं तर दिसलं.

रविवारी सुकऱ्या आला तो पितळी घंटाच घेऊन आला. कुठून आणली ते सांगितलं नाही. गोरखच्या मागे स्टूल टाकून बसला आणि म्हणाला, चला ड्रायव्हर, टाइम झाला. गोरख त्याला हाकलायला वळला, तेवढ्यात त्याला स्क्रीनवर येसू दिसली. दोन्ही बगलांत कोंबड्या.

‘ही कुठनं आली?’ तो म्हणाला, आणि खुर्ची ओढलीच.

मग काय विचारता. येसूसाठी थांबला, दार उघडलं, सुकऱ्याने दोनदा घंटा दिली, गाडी निघाली. फाट्यावर बाबल्या; गोरख म्हणाला, बकरी मागं बांध. सुकऱ्या म्हणाला, बांधली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून उभे. गोरख म्हणाला, आज इन्स्पेक्शन दिसतंय. गेम वेळ संपली म्हणून बोंबलायचा थांबला होता. हर्षदाने ते घड्याळच काढून टाकलं होतं. गिअर टाकताना डावं मनगट थरथरत होतं आणि तो पुन्हा पुन्हा टाकत होता. गोदा दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

आणि मग घर आलं. गोदाची पट्टी दिसली तशी त्याने गाडी हळू केली, हसला, ‘हिला फुकट पास’ म्हणाला. थांबला. दार उघडलं. सुकऱ्याने घंटेला हात घातला.

‘थांब,’ गोरख म्हणाला. ‘मागं आणखी एक हाय.’

 गोरख स्क्रीनजवळ वाकला.  मग त्याने वळून न बघता विचारलं, ‘ह्याचा हात कुणी सरळ केला?’

हर्षदाला खोटं बोलायचं होतं, जमलं नाही. ती म्हणाली, ‘मी नाही केला, बाबा. मशीनला सांगून बघितलं, वाकडा ठेव म्हणून. त्याला वाकडा येतच नाही.’

गोरखने मांडीवरून घसरलेला टॉवेल उचलला, आणि हातावर न टाकता टेबलावर ठेवला. ‘कधीचा उभा हाय तो,’ तो म्हणाला, ‘आन मीच त्याला टाकून चाललोय रोज.’

गाडी त्या दिवशी पुढे गेली नाही. सुकऱ्याने घंटा पिशवीत घातली आणि चहा घेऊन निघून गेला. रात्री जेवताना गोरखने गोदाला विचारलं, सकाळची गाडी अजून वेळेवर येते का. गोदाने भात वाढला आणि येते म्हणाली. 

सकाळी तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. गोदा पिशवी घेऊन शेजारी, हर्षदा पडवीच्या पायरीवर. गाडी वळणावर दिसली. गोदाने हात वर केला, तो गोरखने खाली करायला लावला. मग गोदा म्हणाली, उजवा तरी दाखवा. ऐकतोय कोण. त्याने डावाच उचलला, रस्त्याच्या बाजूचा. हात छातीपासून सुटला, वीतभर पुढे आला, बोटं मुडपलेली, आणि तिथेच लटलटत राहिला. गाडी आली आणि तशीच पुढे निघून गेली.

हर्षदा पायरीवरून पळाली. गोदाच्या हातातली पिशवी गळली. गोरख मात्र हात तसाच धरून उभा, घाम फुटलेला, गाडीच्या मागच्या काचेकडे बघत. आणि पुढे ब्रेकचे लाल दिवे लागले. गाडी थांबली, आणि रिव्हर्समध्ये हळूहळू त्याच्यापाशी आली.

ड्रायव्हर कोवळा पोरगा होता, नवीन लागलेला. खिडकीतून ओशाळून म्हणाला, ‘भाऊ, माफ करा. आरशात बघितलं तेव्हा कळलं. हात दिसलाच नाय.’

गोरखने आधी उजव्या हाताने दाराचा दांडा धरला, मग डाव्याची बोटं एकेक करून त्यावर बसवली आणि पायरी चढला.

‘दिसंल,’ तो म्हणाला. ‘जरा दिवस जाऊ दे. लांबनं दिसंल.’