दाराकडे सरकणारं घर

हर्षदा ज्या वस्तूकडे चोरासारखी बघायची, ती वस्तू एक फरशी दाराकडे सरकायची.

सुरुवात मिक्सरपासून झाली. वसाहतीत लागोपाठ घरफोड्या झाल्या, तेव्हा रहिवाशांनी मिळून यशवंतनानांना बोलावलं. नाना निवृत्त चोर. पांढरंशुभ्र धोतर, कानात अत्तराचा फाया. मंडपात खुर्चीवर बसून त्यांनी एवढंच सांगितलं, "आपलं घर आपलं म्हणून बघू नका. मला न्यायचंय, असं बघा. कुठं उघडं आहे ते कळेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हर्षदानं घरी येऊन ईराला पाळण्यात ठेवलं आणि ओट्यावरच्या मिक्सरकडे तसं बघितलं. मिक्सर खाली उतरला, दाराच्या बाजूला एक फरशी सरकला आणि थांबला.

"होतं गं सुरुवातीला," शेजारच्या लाटकरकाकू गॅलरीतून म्हणाल्या. "आमचा टीव्ही पॅसेजमध्ये येऊन बसलाय. ह्यांना मान वाकडी करून बातम्या बघाव्या लागतात. तू सोनं कुठं ठेवतेस?"

"तूरडाळीच्या डब्यात."

"सगळ्याजणी तिथंच ठेवतात, येडे. चोर आल्या आल्या डाळच ओततो."

हर्षदानं मंगळसूत्र आणि पाटल्या डाळीतून काढून ईराच्या धुतलेल्या लंगोटांच्या चळतीत दडवल्या. तिथं चोराचा हात जाईल का, हे बघायचं तर चोर होऊनच बघायला हवं होतं. तिनं बघितलं. चळत घडी न मोडता निघाली आणि मिक्सरशेजारी जाऊन बसली.

तिचा नवरा निरंजन सूतगिरणीत दिवसपाळीला असायचा. घरात पुरुषमाणूस आहे असं वाटावं, म्हणून ती त्याच्या जुन्या चपला दाराबाहेर मांडून ठेवायची. आता तिनं त्या चोरासारख्या पाहिल्या. अंगठ्याच्या खळग्यात धूळ साचली होती. म्हणजे घरात बाई आणि बाळ, दुसरं कोणी नाही. चपला आधीच दाराबाहेर होत्या, त्यामुळे त्यांनी फक्त फाटकाकडे तोंड वळवलं.

मग तिला थांबताच येईना. बाळ झोपलं की ती एकेक खोली तपासायची. खिडकीचा सैल गज, माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ, गोदरेजचं कपाट. जे सापडायचं ते सरकायचं. पुढच्या खोलीत सामानाची गर्दी झाली आणि मागची खोली रिकामी होत होत लांबत गेली. तिच्या मधोमध ईराचा चार पायांचा पाळणा तेवढा जागचा हलला नव्हता. ईराकडे बघताना हर्षदाला तीट दिसायची, मानेच्या घडीत साचलेली दुधाची रेघ दिसायची, झोपेत कशाला तरी नाही म्हणणारी मूठ दिसायची. चोराला यातलं काय दिसणार?

"कपाट दाराला चिकटलंय," तिनं निरंजनला फोनवर सांगितलं. "तू आत कसा येणार?"

"मग चोर तरी कसा येणार? बरंच झालं की."

"त्याला आता आत यायची गरजच नाही."

"असं म्हणतेस," निरंजन म्हणाला. मागे यंत्रांचा आवाज वाढला आणि फोन बंद झाला.

दुपारी यशवंतनाना तपासणीला आले. खिडकीतून आले. "दाराची मला सवय नाही," ते म्हणाले. "चहात आलं घाल."

चहाचा कप घेऊन ते सगळं घर फिरले. मागच्या खोलीच्या टोकाला पोचायला त्यांना बराच वेळ लागला. परत येऊन ते पाळण्यापाशी उभे राहिले.

"कष्ट घेतलेस हो. पण सामान नेतो तो भुरटा. खरा चोर काय नेतो, सांगू? जे गेल्यावर घरातलं माणूस गळा काढून रडतं, ते."

"नाना, बाळासमोर असं बोलू नका."

"बरं, नाही बोलत. पण ऐकलं तिनं," नाना म्हणाले आणि कपबशीसकट खिडकीतून गेले.

हर्षदा पटकन पाळण्याकडे पाठ करून उभी राहिली. तिनं डोळे गच्च मिटले. काय गेल्यावर मी रडेन, हा विचार मनात आला की नजर आपोआप तशी होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं भाजीचा विचार केला. दोडका, घेवडा, पुन्हा दोडका. पाळण्याची कडी करकरली. तिनं न बघताच हात मागे केला आणि चाचपलं. पाळणा जागेवर होता. दोरी हाताला लागली, ती तिनं मुठीत धरली. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तिच्या पायाखालची फरशी बदलली. गार होती, ती उन्हानं तापलेली लागली.

हर्षदानं डोळे उघडले आणि वळून पाहिलं. ईरा जागी झाली होती. रडत नव्हती. पाळण्याच्या कठड्यावर हनुवटी टेकून ती आईला बघत होती, अंबाड्यापासून पायाच्या जोडव्यांपर्यंत, सावकाश, काही राहून जाऊ नये असं.

"ईरे," हर्षदा म्हणाली, "अशी नको ना बघू, सोन्या."

ईरानं पापणी मिटली, उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली. हर्षदा आणखी एक फरशी सरकली. मुठीतली दोरी ताणली गेली आणि पाळण्याचा एक पाय जमिनीवरून उचलला गेला.

मागे, दाराशी, गोदरेजच्या कपाटानं अंग आक्रसून एका बाईपुरती जागा केली.